टर्बोचं प्रेशर कमी, गाडी ओढत नाही : लक्षणापासून कारणापर्यंत कसं पोहोचायचं?

डिझेल गाडी घाटात ओढत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, कधी मागे काळा धूर दिसतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो : पी ०२९९. या कोडचा अर्थ एवढाच, की टर्बोचार्जरकडून मिळणारा हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, इंजिनाच्या कंट्रोलरला हवा होता त्यापेक्षा कमी आहे. पुष्कळदा निदान इथेच संपतं. 'टर्बो गेला' असं सांगितलं जातं, टर्बो बदलला जातो, मोठं बिल होतं आणि आठवड्याभरात तोच कोड परत येतो. कारण फाटलेला असतो इंटरकूलरचा रबरी होज पाइप. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

गाडीचा मालक रोज मार्केट यार्डात भाजी पोचवणारा पिकअपवाला असेल, तर या चुकीच्या निदानात त्याची कमाई जाते, शिवाय गाडी उभी राहिल्याचे दिवस वेगळेच. म्हणून हा प्रश्न फक्त तांत्रिक नाही.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा किंवा मुलाखत देणार असाल, तर हा लेख इंजिनात रस नसला तरी वाचा. 'दिसणाऱ्या लक्षणावरून न दिसणारं कारण कसं शोधायचं' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक संशोधनात असतो. इथे तो एका यंत्राच्या रूपात स्वच्छ दिसतो, आणि आकडे कागदावर करून बघता येतात.

आधी यंत्र समजून घेऊ

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती मुख्यतः किती इंधन जाळलं यावरून. पण इंधन जाळायला हवा लागते. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात एवढ्यावर भागत नाही, कारण सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा पूर्णपणे मिसळत नाहीत. काळा धूर टाळायचा तर १ किलोला १८ किलोच्या आसपास हवा द्यावी लागते. कंट्रोलर हे प्रमाण सांभाळतो : हवा कमी पडली की तो इंधनच कमी करतो. याला धूर-मर्यादा म्हणू.

जास्त हवा आत ढकलण्याचं काम टर्बोचं. बाहेर जाणाऱ्या गरम एक्झॉस्ट वायूवर टर्बाइन फिरते, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून आत पाठवतो. कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या असतात. पात्या मिटल्या की वाट अरुंद होते, वायू जोरात आदळतो आणि कमी आरपीएमलाही बूस्ट मिळतो. आरपीएम वाढले की पात्या उघडतात. त्या किती मिटायच्या हे कंट्रोलर ठरवतो आणि व्हॅक्यूमवर किंवा विजेवर चालणारा ॲक्च्युएटर त्या हलवतो.

हवेचा प्रवास असा : एअर फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर (गॅरेजच्या भाषेत 'एअर फ्लो'), कॉम्प्रेसर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड, सिलिंडर. एक्झॉस्टचा प्रवास : सिलिंडर, टर्बाइन, कॅटॅलिस्ट, काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, आणि सायलेन्सर. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाल्यावर नव्या डिझेल कारमध्ये डीपीएफ आला. मध्ये एक आडवाट आहे, ईजीआर. तिच्यातून थोडा एक्झॉस्ट परत मॅनिफोल्डमध्ये सोडतात.

हा नकाशा कागदावर काढून ठेवा. पुढचा सगळा तर्क त्यावरच चालणार आहे.

कमी बूस्ट : कारण की परिणाम?

आता खरी मेख बघा. बूस्ट कमी झाला की हवा कमी, म्हणून कंट्रोलर इंधन कमी करतो, म्हणून ताकद कमी. हे सरळ आहे. पण उलटंही तितकंच खरं आहे. इंधन कमी मिळालं (डिझेल फिल्टर तुंबला, इंजेक्टर खराब झाले, पंप दाब धरत नाही) तर एक्झॉस्टमधली ऊर्जा कमी, टर्बाइन हळू फिरते, बूस्ट कमी. दोन्ही वेळा स्कॅनरवर चित्र एकच दिसतं : बूस्ट कमी, ताकद कमी.

याला वर्तुळाकार कार्यकारणभाव म्हणता येईल. अशा प्रणालीत 'अमुक आणि तमुक दोन्ही एकाच वेळी कमी झालं' हे निरीक्षण काहीच सिद्ध करत नाही. सहसंबंध आणि कार्यकारण यातला फरक आपण सांख्यिकीच्या पुस्तकात वाचतो. इथे तो थेट पाकिटाला जाऊन भिडतो.

अजून एक उदाहरण घ्या. एअर फ्लो सेन्सरवर धूळ-तेल बसलं आणि तो हवा कमी दाखवू लागला. हवा प्रत्यक्षात पुरेशी आहे. पण कंट्रोलरला वाटतं कमी आहे, म्हणून तो इंधन कापतो. इंधन कापलं की एक्झॉस्टची ऊर्जा घटते आणि बूस्ट आता खरोखरच कमी होतो. म्हणजे सेन्सरच्या खोटेपणातून खरा दोष तयार झाला! या गाडीला नवा टर्बो बसवला तर काय होईल? काहीच नाही.

वर्तुळ तोडायला दोन मार्ग असतात. पहिला, वेळ : कोणती गोष्ट आधी बिघडली? रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मागणीपेक्षा आधी खाली येतं आणि मग बूस्ट पडतो, की बूस्ट आधी पडतो आणि मग कंट्रोलर इंधनाची मागणीच घटवतो? दुसरा मार्ग, वर्तुळाबाहेरचा साक्षीदार : अशी एखादी मोजणी, जी दोन गृहीतकांसाठी वेगवेगळी उत्तरं देईल. या लेखात मुख्यतः दुसऱ्या मार्गाने जाऊ.

पहिली पायरी : शून्य तपासा

बूस्टचे आकडे बघण्याआधी एक फुकटची चाचणी. इग्निशन चालू करा, इंजिन चालू करू नका. आता मॅनिफोल्डमध्ये फक्त वातावरणाचा दाब आहे. मॅनिफोल्डचा दाब सेन्सर आणि कंट्रोलरचा वातावरणीय दाब सेन्सर यांनी जवळपास सारखाच आकडा दाखवला पाहिजे. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, तो ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. फरक मोठा असेल तर पुढचं काहीही मोजू नका, आधी सेन्सर आणि वायरिंग बघा.

पण या चाचणीची मर्यादाही ओळखा. ती फक्त एका बिंदूवर तपासते. सेन्सर ९५ ला बरोबर आणि २०० ला चुकीचा असू शकतो. तो संशय असेल तर पाइपात टी-जोड टाकून साधा यांत्रिक गेज लावायचा आणि लोडवर दोन्ही आकडे ताडून बघायचे.

इथेच निरपेक्ष दाब आणि गेज दाब यांचा घोळ होतो. गेज दाब म्हणजे वातावरणाच्या वरचा दाब. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो. १०० किलोपास्कल गेज म्हणजे मुंबईत सुमारे २०१ निरपेक्ष, पुण्यात १९५, आणि लेहला, ३,५०० मीटरवर, फक्त १६६. इंजिनाला कळतो तो निरपेक्ष दाब. लेहला वातावरणाचा दाबच साधारण ६६ असतो, म्हणून २०० निरपेक्ष गाठायला कॉम्प्रेसरला हवा तिप्पट दाबावी लागेल; मुंबईत दुप्पट पुरते. टर्बोचा वेग मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून उंचीवर कंट्रोलर बूस्टची मागणीच कमी ठेवतो. तिथे ताकद कमी लागणं हा दोष नाही. म्हणून शोधनिबंधात किंवा प्रबंधात दाबाचा आकडा लिहिताना तो कोणता दाब आणि कुठल्या उंचीवर, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक साधं समीकरण, तीन वेगळ्या दिशा

आता मुख्य भाग. इंजिन म्हणजे एक पंप आहे. प्रत्येक दोन फेऱ्यांत ते आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. त्यामुळे मॅनिफोल्डचा दाब, तापमान आणि आरपीएम माहीत असतील तर सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते काढता येतं :

हवेचा प्रवाह = हवेची घनता × इंजिनाचं आकारमान × (आरपीएम ÷ १२०) × व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी

घनता आदर्श वायूच्या नियमाने : दाब ÷ (२८७ × केल्विनमधलं तापमान).

समजा २ लिटरचं इंजिन, २,००० आरपीएम, मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल निरपेक्ष, तापमान ३२० केल्विन (४७ अंश सेल्सिअस), एफिशियन्सी ०.९. घनता येते २.१८ किलो प्रति घनमीटर, आणि प्रवाह सेकंदाला सुमारे ६५ ग्रॅम. ही निरोगी अवस्था. १८ ला १ या प्रमाणात इंधन ३.६ ग्रॅम, ४२.५ मेगाज्यूल प्रति किलो उष्मांक आणि ४० टक्के कार्यक्षमता धरली तर ताकद ६२ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २९५ न्यूटन-मीटर टॉर्क.

आता दाब १५० वर आला. बाकी सगळं तेच धरलं तर हिशोबाचा प्रवाह ४९ ग्रॅम आणि टॉर्क २२० न्यूटन-मीटर. पाव ताकद गेली. घाटात भरलेली गाडी घेऊन चढणाऱ्याला हे लगेच जाणवतं.

इथपर्यंत फक्त लक्षणाला आकडा मिळाला. कारण अजून कळलं नाही. आता एअर फ्लो सेन्सरचा आकडा घ्या. तो वाटेच्या सुरुवातीला बसतो, आणि आपला हिशोब वाटेच्या शेवटाचा आहे. दोन्हीतला फरक म्हणजे 'वाटेत काय झालं' याचा साक्षीदार. निदानशास्त्रात या फरकाला रेसिड्यूअल म्हणतात. मोजणी पूर्ण लोडवर घ्या, कारण तेव्हा ईजीआर बंद असायला हवा आणि निरोगी इंजिनात फरक शून्याच्या जवळ यायला हवा. दाब १५० आणि हिशोब ४९ असताना तीन शक्यता बघू (सेन्सरचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत) :

पहिली शक्यता : सेन्सर ६२ दाखवतो. आत शिरली ६२, सिलिंडरला मिळाली ४९. १३ ग्रॅम कुठे गेली? कॉम्प्रेसरनंतर गळती आहे : होज पाइप फाटलाय, क्लिप सैल आहे किंवा इंटरकूलरला चीर आहे. टर्बो बिचारा काम करतोय, उलट जास्तच करतोय.

दुसरी शक्यता : सेन्सरही ४९ दाखवतो. दोन्ही जुळतात. म्हणजे गळती नाही, हवाच कमी येतेय. संशय टर्बो, पात्या, ॲक्च्युएटर, तुंबलेला एअर फिल्टर, तुंबलेला डीपीएफ, टर्बाइनआधीची एक्झॉस्ट गळती, किंवा इंधनाच्या बाजूचा दोष.

तिसरी शक्यता : सेन्सर ३८ दाखवतो. सिलिंडरमध्ये सेन्सरला न दिसलेलं काहीतरी शिरतंय. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, किंवा सेन्सर आणि कॉम्प्रेसर यांच्यामधून हवा चोरवाटेने आत येतेय, किंवा सेन्सरच कमी दाखवतोय.

बघा, तिन्ही वेळा फॉल्ट कोड तोच, ताकद तितकीच कमी, पण फरकाचं चिन्ह तीन वेगवेगळ्या दिशा दाखवतं. एकही पार्ट न खोलता संशयितांची यादी एक तृतीयांशावर आली. चांगल्या प्रयोगाची ही खूण आहे : तो 'माझं म्हणणं बरोबर' एवढं सांगून थांबत नाही, तर बाकीची म्हणणी बाद करतो.

सावध मात्र राहा. पहिली शक्यता दाब सेन्सर कमी दाखवत असला तरीही दिसेल. म्हणून इग्निशनवाली चाचणी आणि यांत्रिक गेज आधी. तिसऱ्या शक्यतेत ईजीआर की सेन्सर हे कसं ठरवायचं? वेगवेगळ्या लोडवर मोजा. सेन्सर मळला असेल तर तो जवळजवळ सगळीकडे कमी दाखवेल. ईजीआर अडकला असेल तर फरक परिस्थितीनुसार बदलेल, आणि ईजीआरची वाट चाचणीपुरती बंद केली की नाहीसा होईल.

किती फरक म्हणजे फरक?

मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न : 'तुमच्या मोजमापातली अनिश्चितता किती?' इथे करून बघू. समजा एअर फ्लो सेन्सरची चूक ४ टक्के, दाबाची १ टक्का, तापमानाची १ टक्का, आणि व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी आपल्याला ५ टक्क्यांपर्यंतच माहीत आहे. चुका एकमेकांपासून स्वतंत्र धरल्या तर वर्गांची बेरीज ४३, वर्गमूळ ६.६. म्हणजे ६-७ टक्क्यांचा फरक निव्वळ मोजमापातूनही येऊ शकतो. १० टक्क्यांच्या आतल्या फरकावरून निष्कर्ष काढायचा नाही, असा नियम मी ठेवेन.

मग किती मोठी गळती पकडता येईल? मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या दुप्पट असताना भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने निसटते, म्हणजे प्रवाह 'चोक' होतो. तेव्हा हिशोब सोपा असतो. २०० किलोपास्कल आणि ३२० केल्विनला, डिस्चार्ज कोएफिशियंट ०.८ धरला तर ६ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला सुमारे १० ग्रॅम हवा जाते. ६५ च्या १५ टक्के, सहज दिसेल. ३ मिलिमीटरच्या भोकातून २.५ ग्रॅम, म्हणजे ४ टक्के. आपल्या पद्धतीला ती दिसणारच नाही. त्यासाठी पाइपांत दाब भरून साबणाचं पाणी लावणं किंवा धूर सोडून बघणं हाच उपाय. पद्धत काय पकडू शकत नाही हे आधी सांगणं कमीपणाचं नाही. परीक्षक तेच शोधत असतात.

अनिश्चितता कमी करण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. त्याच इंजिनाचं निरोगी अवस्थेतलं मोजमाप आधीपासून असेल, तर एफिशियन्सीची चूक आणि सेन्सरची कायमची चूक दोन्ही बाजूंना सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. म्हणून प्रयोगात बेसलाइन नोंद टाळू नका. बिघाड झाल्यावर ती मिळत नाही.

आणखी एक सापळा : वेळ. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दाब १०० वरून २०० ला जाताना पाइप आणि इंटरकूलर स्वतःच भरत असतात. त्यांचं आकारमान ५ लिटर धरलं तर ५.४ ग्रॅम हवा तिथे साठते. दाब एका सेकंदात चढला, तर त्या सेकंदात निरोगी इंजिनातही ६५ पैकी ८ टक्के हवा 'गायब' दिसेल. ही गळती नाही, साठवण आहे. शिवाय स्कॅनर सगळे आकडे एकाच क्षणी वाचत नाही, एकामागून एक वाचतो, आणि सेकंदाला थोडेच. म्हणून रेसिड्यूअल काढायचा तो स्थिर अवस्थेत. लांब चढावर एकाच गिअरमध्ये काही सेकंद सारखा वेग आणि पूर्ण लोड, किंवा डायनॅमोमीटर. न्यूट्रलमध्ये रेस देऊन काही कळत नाही, कारण लोड नसला की इंधन कमी, आणि इंधन कमी म्हणजे बूस्टच तयार होत नाही. रस्त्यावर मोजताना एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने लॅपटॉप बघायचा, हेही सांगून ठेवतो.

कंट्रोलर दोष झाकतो

आता कल्पना करा, गळती छोटी आहे. बूस्ट थोडा पडला की कंट्रोलर पात्या अजून मिटतो, टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि दाब पुन्हा मागणीइतका होतो. स्कॅनरवर मागणी २००, प्रत्यक्ष २००. सगळं आलबेल! पण टर्बो जास्त राबतोय, एक्झॉस्टचा उलटा दाब वाढलाय, डिझेल थोडं जास्त जळतंय. गळती वाढत वाढत ज्या दिवशी पात्या पूर्ण मिटूनही दाब पुरत नाही, त्या दिवशी कोड येतो. मालक म्हणतो, 'काल तर गाडी ठीक होती.' ठीक नव्हती, झाकलेली होती.

म्हणून फीडबॅक असलेल्या कुठल्याही प्रणालीत फक्त आउटपुट बघू नका, कंट्रोलरची धडपड बघा. पात्यांच्या ॲक्च्युएटरला पूर्वी याच लोडवर ५५ टक्के आदेश जायचा आणि आता ७० टक्के जातोय (आकडे उदाहरणादाखल), तर दोष आत्ताच आहे, दाब बरोबर असला तरी. ही गोष्ट इंजिनापुरती नाही. आपलं शरीर रक्तदाब सांभाळतं, थर्मोस्टॅट तापमान सांभाळतो, तिथेही जी राशी नियंत्रित केली जाते ती बिघाडाची बातमी सगळ्यात शेवटी देते. डेटा गोळा करताना नियंत्रणाचे आदेशही नोंदवा. नंतर डेटासेटमध्ये ते नसतील तर मशीन लर्निंगचं कितीही भारी मॉडेल ते परत आणू शकत नाही.

हवाच कमी येतेय असं निघालं तर

दुसऱ्या शक्यतेत संशयित सगळ्यात जास्त उरतात. ते पुन्हा असेच वेगळे करायचे.

दोष कोणत्या आरपीएमला दिसतो ते आधी बघा. पात्या उघड्या अडकल्या असतील तर कमी आरपीएमला बूस्ट येत नाही, वर गेल्यावर बऱ्यापैकी येतो. पात्या मिटलेल्या अडकल्या असतील तर उलट : खाली बूस्ट चांगला, वर गेल्यावर तो मर्यादेबाहेर जातो आणि कंट्रोलर गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो. मालक दोन्ही वेळा 'पिकअप नाही' असंच सांगतो! लिंप मोडमध्ये टाकल्यावर घेतलेले आकडे निरुपयोगी असतात, कारण तेव्हा ताकद दोषामुळे नव्हे तर कंट्रोलरच्या आदेशाने कमी असते. कोड पुसून नव्याने मोजायचं.

पात्या अडकल्यात की त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर कामातून गेलाय? व्हॅक्यूमवाल्या टर्बोत हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटरला थेट व्हॅक्यूम द्या. दांडी पूर्ण आणि सुरळीत हलली व जागेवर टिकली तर यंत्र ठीक आहे, दोष व्हॅक्यूमच्या बारीक नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा व्हॅक्यूम पंपात. दांडी हलली पण हळूहळू परत आली तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटलाय. हललीच नाही किंवा अडखळत हलली तर पात्यांत काजळी बसलीय. एक नळी बदलायची की अख्खा टर्बो, हे या दोन मिनिटांच्या चाचणीवर ठरतं.

डीपीएफ तुंबला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा सेन्सर बोलेल. टर्बाइन चालते ती आत आणि बाहेरच्या दाबाच्या गुणोत्तरावर. बाहेरच दाब साचला तर ती फिरणार कशी? टर्बाइनआधीच्या जोडातून एक्झॉस्ट गळत असेल तर टिकटिक आवाज आणि जोडाजवळ काजळीचा डाग दिसतो. एअर फिल्टर उघडून बघायला काहीच पैसे लागत नाहीत. आणि रेल प्रेशर मागणीइतकं आहे का, हे स्कॅनरवरच दिसतं. नसेल तर आधी इंधनाच्या वाटेला लागा.

हे सगळं निर्दोष निघालं की मगच टर्बो. इनलेटचा पाइप काढून दांड्याचा खेळ बघा, कॉम्प्रेसरचं चाक घराला घासतंय का ते बघा. टर्बो खरंच गेला असेल तर अजून एक प्रश्न उरतो : का गेला? तेलाची नळी तुंबली असेल आणि ती तशीच ठेवली, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल. 'काय बिघडलं' याचं उत्तर मिळालं म्हणजे 'का बिघडलं' याचं मिळालं असं नाही.

कोणती चाचणी आधी?

सगळ्या चाचण्या एकदम करता येत नाहीत. वेळ आणि पैसा मोजका असतो. क्रम ठरवायला प्रत्येक चाचणीला तीन प्रश्न विचारा. हा दोष मुळात किती संभवतो? चाचणीला किती खर्च? उत्तर आल्यावर यादीतले किती संशयित बाद होतील? होज आणि क्लिपा रबर-लोखंडाच्या स्वस्त वस्तू आहेत, उष्णता आणि कंप सोसतात, आणि डोळ्यांनी तपासता येतात. टर्बो महाग आहे आणि खोलायला वेळ लागतो. म्हणून होज आधी. अनुभवी मिस्त्री हेच करतो, फक्त तो त्याला बेजचं प्रमेय म्हणत नाही. तुमच्या प्रबंधातही महागडं उपकरण मिळालं म्हणून पहिला प्रयोग त्याच्यावरच करायचा, असा नियम नाही.

प्रयोगशाळेतला दोष आणि रस्त्यावरचा दोष

या विषयावर संशोधन करणाऱ्यांपुढे एक अडचण असते : दोष असलेली इंजिनं हवी तेव्हा मिळत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत दोष मुद्दाम तयार करतात. पाइपाला मोजलेल्या व्यासाचं भोक पाडतात, ईजीआर ठरावीक उघडा ठेवतात, सेन्सरच्या सिग्नलमध्ये चूक मिसळतात. हे योग्यच आहे, कारण दोषाचा आकार माहीत असल्याशिवाय पद्धतीची परीक्षा होत नाही.

पण रस्त्यावरची गळती गोल भोकासारखी वागत नाही. रबराला पडलेली चीर कमी दाबाला मिटलेली असते आणि दाब चढला की ओठासारखी उघडते. म्हणजे गळतीचं क्षेत्रफळच दाबावर अवलंबून! भोकाच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल अशा चिरेला कमी लोडवर 'निरोगी' म्हणून सोडून देईल. प्रत्यक्षात दोन दोष एकत्रही असतात : ईजीआर थोडा उघडा आणि पाइप थोडा गळका. एकाचा फरक अधिक, दुसऱ्याचा उणे, बेरीज शून्य. आपलं एकच समीकरण तेव्हा फसेल. त्यासाठी दुसरा, वेगळ्या मोजणीवर उभा असलेला रेसिड्यूअल लागतो. 'किती दोष वेगळे ओळखता येतील आणि त्यासाठी कोणते सेन्सर लागतील' हा आज संशोधनाचा जिवंत प्रश्न आहे, आणि पीएच.डी.साठी त्यात भरपूर जागा आहे.

करून बघा

इंजिन किंवा डायनॅमोमीटर हाताशी नसेल तरी सुरुवात करता येते. स्वीडनमधल्या लिनशोपिंग विद्यापीठातल्या योहान वाल्स्ट्रॉम आणि लार्स एरिक्सन यांनी २०११ साली हलत्या पात्यांचा टर्बो आणि ईजीआर असलेल्या डिझेल इंजिनाचं एक मॉडेल प्रसिद्ध केलं. या क्षेत्रात ते सराव आणि तुलनेसाठी वापरलं जातं. ते वाचा, आणि पुढच्या तीन गोष्टी करा.

एक, वरचं समीकरण स्प्रेडशीटमध्ये मांडा आणि तापमान ३२० ऐवजी ३४० केल्विन करा. दाब तोच ठेवूनही हवा किती घटते ते बघा. इंटरकूलर बाहेरून चिखलाने माखला तर काय होतं, याचं उत्तर तिथेच मिळेल.

दोन, ८ मिलिमीटरच्या भोकातून किती हवा जाईल ते काढा. उत्तर सेकंदाला १८ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. मग दाब १५० करा आणि विचार करा : प्रवाह अजूनही चोक आहे का? वरचं सूत्र तसंच वापरता येईल का?

तीन, तुमच्या स्वतःच्या विषयातलं एक लक्षण घ्या. पिकाचं उत्पन्न घटलं, नमुन्याची ताकद कमी आली, मॉडेलची अचूकता पडली, काहीही. त्याची किमान चार संभाव्य कारणं लिहा. प्रत्येक कारण खरं असेल तर कोणती मोजणी कोणत्या दिशेने हलेल, याचा तक्ता करा. ज्या दोन कारणांच्या ओळी तक्त्यात अगदी सारख्या आल्या, ती दोन कारणं तुमच्या सध्याच्या मोजण्यांनी वेगळी करता येणार नाहीत. पुढचा प्रयोग तिथेच हवा. गाईडना भेटायला जाताना हा तक्ता सोबत न्या.